मेंदूतली रसायनं, ताटातलं अन्न आणि पाकिटातल्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी औषधनिर्माता आहे. मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठी पुढे करताना लोक जे विचारतात, आणि दुकानात दुसरं कुणी नसताना हळू आवाजात जे विचारतात, ते प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं समजून घेण्यासाठी आहेत. गोळी सुरू करणं, बंद करणं किंवा डोस बदलणं हे डॉक्टरांशी बोलूनच करा.

"मेंदूतलं केमिकल कमी झालंय" असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे नेमकं काय झालंय?

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. दोन पेशींच्या मध्ये अतिसूक्ष्म फट असते आणि त्या फटीपलीकडे निरोप नेण्याचं काम रसायनं करतात: डोपामाइन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन, ॲसिटिलकोलिन, गाबा, ग्लुटामेट. ग्लुटामेट पुढच्या पेशीला चेतवतं, गाबा तिला शांत करतं. पलीकडच्या पेशीवर ही रसायनं झेलणारे रिसेप्टर असतात. निरोप पोचला की उरलेलं रसायन पहिली पेशी परत आत ओढून घेते, नाहीतर एन्झाइम त्याचे तुकडे करतात.

संतुलन म्हणतात ते या सगळ्या घडामोडीला. एखादं रसायन रोज जास्त येऊ लागलं की पेशी आपले रिसेप्टर कमी करते किंवा त्यांना बोथट करते. कमी पडू लागलं की वाढवते. मेंदू रोजच्या गोष्टीशी जुळवून घेतो, आणि ती गोष्ट एकदम काढून घेतली की ते जुळवणंच त्रासदायक ठरतं. खालची निम्मी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

"केमिकल कमी झालंय" हे डॉक्टर समजावायला सोपं पडतं म्हणून सांगतात. नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची साधी टंचाई, असा ठोस पुरावा नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यातही तो मिळाला नाही. म्हणून आजार खोटा ठरत नाही आणि गोळ्या निरुपयोगीही ठरत नाहीत. त्या अनेकांना उपयोगी पडतात, फक्त कमतरता भरून काढण्यापेक्षा त्यांचं काम जास्त गुंतागुंतीचं आहे.

रक्त तपासून सेरोटोनिन किंवा डोपामाइन किती आहे ते कळतं का?

नाही. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि रक्तात ते मुख्यतः प्लेटलेटमध्ये साठलेलं असतं. ते मेंदूत जात नाही, त्यामुळे रक्तातल्या आकड्यावरून मेंदूतलं काही समजत नाही. "न्यूरोट्रान्समीटर पॅनेल" नावाची महागडी तपासणी कुणी सुचवली तर ते पैसे वाचवा. मन उदास असेल, विसरायला होत असेल, सतत थकवा असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. यातलं काही बिघडलं असेल तर त्यावर उपाय आहे.

ही रसायनांची गोष्ट मुळात सुरू कुठून झाली?

हा प्रश्न क्वचित येतो, पण मला तो फार आवडतो. कारण ही गोष्ट मुंबईतून जाते.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे उन्मादावर आणि झोपेसाठी पूर्वापार वापरली जाते. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला. १९४९ मध्ये त्यांचा निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं. वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार १९५७ मध्ये ज्यांना मिळाला त्यांत डॉ. वकील होते.

पुढचा भाग मेंदूचा. रेसरपिन दिलं की पेशींमधले डोपामाइन, नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिनचे साठे रिकामे होतात, असं दिसून आलं. स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं तेव्हा ससे हलेनासे झाले. मग ज्यापासून मेंदू डोपामाइन बनवतो ते लेव्होडोपा त्यांना टोचलं आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. डोपामाइन हे स्वतंत्र काम करणारं रसायन आहे हे यातून उलगडलं आणि पार्किन्सनच्या उपचाराचा रस्ता खुला झाला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. रक्तदाबासाठी रेसरपिन घेणाऱ्या काही रुग्णांना उदास वाटू लागल्याच्या नोंदी होत्या. त्यावरूनच "नैराश्य म्हणजे या रसायनांची कमतरता" हा विचार पुढे आला. तो आज तसाच्या तसा मान्य नाही, पण डॉक्टरांच्या तोंडचं ते वाक्य इथून आलेलं आहे.

आणि एक सांगणं. सर्पगंधा "आयुर्वेदिकच आहे" म्हणून मनाने घेऊ नका. नैराश्याचा किंवा रक्तदाबाचा इलाज चालू असेल तर मुळीच नाही.

केळी, दूध, बदाम खाल्ले की सेरोटोनिन वाढतं ना?

केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींचा एक घट्ट पडदा आहे, त्यातून ते पलीकडे जात नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतः बनवतो. ट्रिप्टोफॅन आपल्याला डाळी, दूध, अंडी, मासे, दाणे, तीळ यांतून मिळतं.

पण ते ताटातून थेट मेंदूत जात नाही. त्या पडद्यातून आत नेणारा वाहक एकच आणि टायरोसिन, ल्यूसिन, फेनिलॲलनिन अशी बाकीची मंडळीही त्याच्यावरच अवलंबून. संध्याकाळी दादरला विरार लोकलच्या दारात जी रेटारेटी चालते तशीच ही. ट्रिप्टोफॅन संख्येने सगळ्यांत कमी, म्हणून मागे राहतं. नुसतं पिष्ट खाल्लं, म्हणजे समजा साबुदाण्याची पेज, तर इन्सुलिन वाढतं, बाकीची अमिनो आम्लं स्नायूंकडे वळतात आणि ट्रिप्टोफॅनला थोडी वाट मिळते. मात्र त्याच जेवणात थोडंसं जरी प्रथिन असलं तरी हा परिणाम पुसला जातो. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट आलं की हिशेब बदलला. त्यामुळे "अमुक खा, मूड सुधारेल" अशा याद्यांवर माझा विश्वास नाही.

मग खाण्याचा संबंध नाही का? आहे. अन्न कच्चा माल पुरवतं आणि कच्चा माल महिनोन्महिने अपुरा पडला तर मेंदू थकतो. रोजच्या जेवणात वरण, उसळ, दही, पालेभाजी असेल आणि जेवणं वेळेवर होत असतील तर अमिनो आम्लांची पूड विकत घ्यायची गरज नाही. लोहाकडे मात्र लक्ष द्या. डोपामाइन बनवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं आणि जेवणाबरोबर चहा घेतला की लोह नीट शोषलं जात नाही.

अजिनोमोटोने मेंदू बिघडतो का?

त्यात ग्लुटामेट असतं, तेच जे टोमॅटोतही नैसर्गिकरीत्या असतं. खाण्यातलं ग्लुटामेट बहुतांश आतडीच वापरून टाकतात आणि पडदा ओलांडून मेंदूत जवळजवळ काही जात नाही. हाक्का नूडल्सच्या गाडीवर मला तेलाची आणि मिठाची काळजी जास्त वाटते.

आम्ही शाकाहारी आहोत. बी-१२ चं इतकं का सांगतात?

कारण आपल्याकडे ही कमतरता खरोखर फार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांच्या रक्तात बी-१२ कमी आढळलं.

बी-१२ वनस्पतींत मिळत नाही. मिळतं ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून. मज्जातंतूंचं आवरण नीट ठेवायला ते लागतं आणि सेरोटोनिन, डोपामाइन बनण्याच्या साखळीतही त्याचा हात आहे. कमी पडलं की पायाला मुंग्या येतात, तोल जातो, नावं आठवत नाहीत, चिडचिड होते, माणूस गप्प गप्प होतो. घरातले म्हणतात "वय झालं". सत्तरीच्या आजोबांचा विसराळूपणा म्हाताऱ्या वयावर ढकलण्याआधी ही एक तपासणी कराच.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं पँटोप्राझोल घेणाऱ्यांमध्ये बी-१२ आणखी घटतं. काउंटरवर ही जोडी रोज दिसते. रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल ही महाराष्ट्राला लागलेली सवयच आहे. ती चालू ठेवायची गरज खरंच आहे का, हे डॉक्टरांना एकदा विचारा.

चहा सोडला की डोकं का ठणकतं?

जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन साठत जातं आणि झोप आणतं. कॅफिन ॲडिनोसिनच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, म्हणून तरतरी येते. रोज चहा होत राहिला की मेंदू जास्तीचे रिसेप्टर तयार करतो. एखाद्या दिवशी चहा मिळाला नाही की ॲडिनोसिनला मोकळं रान मिळतं, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं दुखू लागतं. साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतं आणि काही दिवसांत थांबतं. आपल्याकडे उपासाला चहा चालतो म्हणून एरवी कळत नाही, पण हरतालिकेला निर्जळ करणाऱ्या बायका आणि रोजे धरणारे लोक हे डोकं दुखणं चांगलं ओळखतात. त्याआधी आठवडाभर चहा हळूहळू कमी करत आणला तर त्रास खूप कमी होतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम आणि गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असतं. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, गरोदरपणात त्याहून बरेच जास्त. रात्री अकराला झोप येत नाही म्हणून गोळी मागणाऱ्याला मी आधी विचारतो, शेवटचा चहा कितीला घेतला?

तंबाखू थोडीशीच, नुसती मिश्री लावते. त्याने मेंदूवर काय होणार?

हा प्रश्न बायकांकडून येतो आणि बहुतेक वेळा संकोचत येतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडीला चोळली की निकोटिन तिथूनच रक्तात जातं. मेंदूत पोचलं की ॲसिटिलकोलिनच्या एका जातीच्या रिसेप्टरला लागतं आणि डोपामाइन सुटतं. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, काम सुचत नाही, असं सांगतात ते खोटं नसतं. निकोटिन आतड्यांना चालना देतं आणि रात्रभर न मिळाल्याने मेंदू अस्वस्थ झालेला असतो. पहिल्या बोटाने जे बरं वाटतं ते बरंचसं त्या अस्वस्थपणातून सुटल्याचं.

पुरुषांची तऱ्हा वेगळी. तळहातावर चिमूटभर पत्ती, डबीतला चुना नखाने काढून वर, अंगठ्याने मळणं, दोन थापा मारून भुकटी उडवणं आणि खालच्या ओठात दाबणं. यात चुन्याचं काम फार महत्त्वाचं आहे. चुन्यामुळे निकोटिन क्षारांतून मोकळं होतं आणि तोंडाच्या त्वचेतून झपाट्याने शोषलं जातं. चुना नसेल तर ती किक बसत नाही, हे मळणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी मिळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि "मी तंबाखू नाही, फक्त सुपारी खातो" म्हणणाऱ्यांसाठी: सुपारीतल्या ॲरेकोलिनचाही मेंदूवर परिणाम होतो, नुसत्या सुपारीचंही व्यसन लागतं आणि नुसत्या सुपारीनेही तोंडाचा कॅन्सर होतो.

सोडताना पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत अवघड जातात. चिडचिड, भूक, झोपमोड, लक्ष न लागणं हे दोन ते चार आठवड्यांत ओसरतं, कारण रिसेप्टर पुन्हा जागेवर येतात. निकोटिनच्या च्युइंगगम आणि पट्ट्या मिळतात, त्या वापरण्यात कमीपणा नाही. तंबाखू सोडण्यासाठी मोफत राष्ट्रीय मदतक्रमांक आहे १८००-११२-३५६.

विडी-सिगारेट ओढणारा क्लोझापिन किंवा ओलान्झापिन ही मानसिक आजारावरची औषधं घेत असेल तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगावं. धुरामुळे यकृत ही औषधं लवकर संपवत असतं. धूर बंद झाला की तोच डोस अंगावर येऊ शकतो.

नवरा रोज पितो. श्रावणात एकदम बंद करणार म्हणतो. चालेल ना?

सोडण्याचा निर्णय अगदी योग्य आहे. एकदम आणि एकट्याने सोडण्यात जिवाचा धोका आहे.

दारू गाबाचं काम वाढवते आणि ग्लुटामेटचं दाबते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू याच्या उलट तयारी करून बसलेला असतो: गाबाचे रिसेप्टर मंद, ग्लुटामेटचे वाढलेले. गटारीच्या रात्री शेवटची बाटली झाली आणि सकाळपासून थेंब नाही. आता मेंदूला शांत करणारी बाजू लुळी आणि चेतवणारी बाजू मोकाट. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होऊ लागतात: भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, दिवस-रात्र कळत नाही, ताप आणि रक्तदाब चढतो. अशा वेळी घरचे घाबरून "बाहेरची बाधा" म्हणत अंगारा लावायला नेतात आणि जे तास हॉस्पिटलमध्ये जायला हवे होते ते निघून जातात. वारीच्या आधी माळ घालणाऱ्यांच्या बाबतीतही असंच घडू शकतं.

यावर चांगला उपचार आहे. गाबावर काम करणारी औषधं आधी पुरेशी देऊन मग काही दिवसांत उतरवत नेतात आणि सोबत बी-१ म्हणजे थायमिन देतात. पिणारा नीट जेवत नाही आणि दारूमुळे थायमिन शोषलंही जात नाही. ते संपलं की डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल अडखळते, माणूस गोंधळतो आणि वेळीच थायमिन मिळालं नाही तर स्मृती कायमची जाते. म्हणून अशा माणसाला सलाईनमधून ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन द्यायची पद्धत आहे. डॉक्टरांना तो रोज पितो हे स्पष्ट सांगा, लपवू नका. आधी कधी सोडताना फिट आली असेल तर घरी प्रयोग करूच नका.

त्यांना न सांगता जेवणातून दारू सोडवायची गोळी किंवा पावडर देऊ का?

हे विचारणाऱ्या ताईंचा नाइलाज मला समजतो. सगळे उपाय थकल्यावरच कुणी हा प्रश्न विचारतं. पण कृपा करून हे करू नका.

ती गोळी बहुधा डायसल्फिरामची असते. दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग ते पुढे मोडतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवतं. मग पेग पोटात गेल्यावर थोड्याच वेळात तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेल्याचा यात मृत्यू होऊ शकतो. ज्याला माहीतच नाही तो त्रास होतोय म्हणून आणखी पितो. गोळी बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहतो. शिवाय हे औषध डोपामाइनपासून नॉरॲड्रेनलिन बनवणारं एन्झाइमही अडवतं, त्यामुळे काहींना संशय, भ्रम सुरू होतात. जाहिरातीतल्या बिननावाच्या पावडरीत काय असतं हे तर कुणालाच सांगता येत नाही. आणि कळल्यावर घरातला विश्वास तुटतो तो वेगळाच.

रुग्णाच्या संमतीने, तपासण्या करून हेच औषध दिलं तर काहींना चांगला उपयोग होतो. नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट अशी दारूची ओढ कमी करणारी औषधंही आहेत. तो तयार नसेल तर निदान तुम्ही एकट्या जाऊन बोला. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय आणि तिथे कुटुंबालाही आधार दिला जातो. सरकारचा व्यसनमुक्ती मदतक्रमांक १४४४६ आहे.

झोपेची छोटी गोळी आहे, पाव मिलिग्रॅमची. चिठ्ठीशिवाय का देत नाही?

अल्प्राझोलामचा आकडा लहान दिसतो, ताकद लहान नाही. दारू ज्या गाबा रिसेप्टरला धरते त्यालाच हेही धरतं. काही आठवडे रोज घेतलं की मेंदू जुळवून घेतो आणि मग गोळीशिवाय झोप येतच नाही. एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते. दारूबरोबर घेतलं तर श्वास मंदावतो. २०१४ पासून अशी औषधं शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या यादीत आहेत. देताना डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. मेडिकलवाल्याने नाही म्हटलं तर रागावू नका.

भेसळीच्या ताडीतही हीच औषधं किंवा क्लोरल हायड्रेट सापडतं. तेलंगणात ताडीची दुकानं बंद झाली तेव्हा अनेक जण फिट आणि भास घेऊन हॉस्पिटलांत आले, ते ताडीतली ही औषधं एकदम तुटल्यामुळे. रोज ताडी पिणाऱ्यानेही म्हणून एकदम थांबू नये.

नैराश्याच्या गोळीची सवय लागते का? दोन आठवडे झाले, फरक नाही.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या गोळ्या सेरोटोनिन परत ओढलं जाणं पहिल्या दिवसापासूनच अडवतात. तरी बरं वाटायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, कारण मेंदूला त्यानुसार आपली मांडणी बदलायला वेळ लागतो. सुरुवातीला मळमळ, बेचैनी होते ती बहुतेकांची आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. पहिल्या दिवसांत स्वतःला संपवण्याचे विचार वाढले, विशेषतः तरुण मुलांमध्ये, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

दारू-तंबाखूसारखी ओढ या गोळ्यांची लागत नाही. पण एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं हे होतं. बरं वाटलं म्हणून पाकीट बाजूला ठेवणारे पुष्कळ आहेत. डॉक्टर उतरवतील तशी उतरवा.

या गोळ्या चालू असताना ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, काही खोकल्याच्या औषधांतलं डेक्स्ट्रोमिथॉर्फन किंवा लिनेझोलिड हे अँटिबायोटिक मिळालं तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकतं. ताप, थरकाप, जुलाब, स्नायू ताठणं, गोंधळ ही त्याची लक्षणं. दातदुखीसाठी गोळी मागतानाही "मी ही गोळी घेतो" एवढं सांगा.

टीबीच्या औषधांवर बांगडा का खाऊ नको म्हणतात?

कोकणातून आणि गोव्यातून येणारा हा प्रश्न अगदी रास्त आहे. बांगडा, कुपा, तारली हे मासे नीट बर्फात न ठेवल्यास त्यांत हिस्टामिन तयार होतं. आयसोनियाझिड हे औषध हिस्टामिन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं. मग असा मासा खाल्ल्यावर चेहरा तापतो, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं. ताजा मासा सगळ्यांनाच बाधेल असं नाही, पण एकदा असं झालं असेल तर तो मासा कोर्स संपेपर्यंत टाळा. आयसोनियाझिड बी-६ ही घटवतं आणि ग्लुटामेटपासून गाबा बनवायला बी-६ लागतं. सोबत दिलेली पायरिडॉक्सिनची, म्हणजे बी-६ ची, छोटी गोळी "व्हिटॅमिनच तर आहे" म्हणून वगळू नका.

औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत लिनेझोलिड देतात. सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन आणि खाण्यातलं टायरामिन मोडणाऱ्या एन्झाइमला ते काही प्रमाणात अडवतं. टायरामिन साठलं तर रक्तदाब एकदम चढतो. जुनं मुरलेलं चीज, सोया सॉस, खारवलेली सुकी मासळी यांत टायरामिन भरपूर असतं. घरचं ताजं पनीर आणि ताजं दही यांची काळजी नको. गंमत अशी की नैराश्यावरची पहिली औषधंही टीबीतूनच आली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये इप्रोनियाझिड घेणारे क्षयरोगी उत्साही झालेले दिसले, कारण ते औषध हेच एन्झाइम अडवत होतं.

वडिलांना पार्किन्सन आहे. जेवणानंतर गोळी लागूच पडत नाही.

वर ट्रिप्टोफॅनबद्दल सांगितलं तोच वाहक पार्किन्सनच्या गोळीतल्या लेव्होडोपालाही लागतो. वरण, पनीर, अंडी, मासे यांच्याबरोबर गोळी घेतली की प्रथिनांतली अमिनो आम्लं तिला मागे ढकलतात. जेवणाआधी अर्धा ते एक तास गोळी दिली तर पुष्कळांना फरक जाणवतो. प्रथिनं बंद करू नका, वजन घटेल. डॉक्टरांना विचारून ती रात्रीच्या जेवणात जास्त ठेवता येतात. खाजकुयलीच्या बियांत खरंच लेव्होडोपा असतं, १९३७ मध्येच भारतीय शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं होतं. म्हणूनच गोळीबरोबर तिचं चूर्ण परस्पर देऊ नका. दोन्ही मिळून डोस किती होतो ते कळणार नाही.

लिथियम चालू आहे. उपास करू का?

लिथियम हे मनाचे टोकाचे चढ-उतार आवरणारं औषध. ते चालू असताना जेवण कमी चालेल, पाणी आणि मीठ कमी चालणार नाही. शरीरात सोडियम घटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातलं प्रमाण विषारी होऊ शकतं. निर्जळ उपास, उन्हातली पायी वारी, जुलाब आणि अंगदुखीसाठी घेतलेलं आयबुप्रोफेन या सगळ्यांत हा धोका आहे. हात जास्त थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, चाल डुगडुगली तर त्याच दिवशी रक्त तपासा.

मुलगा "एमडी" घेतोय असा संशय आहे. गांजा तरी नैसर्गिक असतो ना?

एमडी म्हणजे मेफेड्रोन, नशेचं कृत्रिम रसायन. २०१५ पासून ते अमली पदार्थ कायद्याखाली आहे आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ कुरकुंभच्या एमआयडीसीत त्याचा मोठा साठा पकडला गेला, म्हणजे ते दूरच्या शहरातलं राहिलेलं नाही. ते डोपामाइन, नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिन एकाच वेळी पेशीबाहेर लोटतं. रात्र-रात्र झोप नाही, भूक नाही, वजन उतरतं, मग दोन दिवस अंथरुणातून न उठणं आणि कमालीची उदासी. काहींना कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटू लागतं.

गांजातलं टीएचसी हे नशा आणणारं रसायन मेंदूच्या कॅनाबिनॉइड रिसेप्टरला लागतं. हे रिसेप्टर स्मृती, वेळेचं भान आणि लक्ष यांच्या भागांत दाट असतात. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून शाळा-कॉलेजच्या वयात रोजचा गांजा जास्त घातक, आणि घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर फारच. धोतराही नैसर्गिकच आहे आणि त्याच्या बिया ॲसिटिलकोलिन इतकं अडवतात की माणूस बरळत बेशुद्ध पडतो.

मुलाशी बोलताना पहिल्या दिवशी खोलीची झडती आणि मारहाण नको. झोप, खाणं, पैसे यांवर बोला आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत चला.

बाळाला झोपेसाठी जायफळ उगाळून द्यावं का?

बाळगुटीतलं जायफळ घराघरांत आहे, पण मी देऊ नका असंच सांगेन. जायफळातल्या तेलांचा मेंदूवर खरोखर परिणाम होतो. एक-दोन अख्खी जायफळं पोटात गेली तर मोठ्या माणसालाही भास आणि धडधड होते. सहाणेवर किती वेढे घेतले यावर डोस ठरतो आणि बाळाच्या वजनाला किती जास्त हे कुणालाच ठाऊक नसतं. पुरणपोळीतल्या चिमटीने काही होत नाही.

डॉक्टरकडे जाताना काय काय सांगू?

सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. चूर्ण, काढे, होमिओपॅथीचे थेंब, जिममधली पावडर, झोपेची उसनी गोळी, मिश्री, दारू, दिवसाचे चहा, सगळं सांगा. प्रमाण कमी करून सांगू नका, डॉक्टर त्यावरूनच डोस ठरवतात. मन फार खचलं असेल आणि रात्री कुणाशी बोलावं कळत नसेल तर टेली-मानस १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.